हार्लनचे हॉर्न, नवी पिकअप आणि मधली पिन

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार,
सकाळी, स्वयंपाकघरातून

तीर्थरूप मर्ल भाऊजींना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा डाव्यावरच भागवून घ्यावं). तुमची कंबर कशी आहे? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेता का, की त्या अजून कोटाच्या खिशातच फिरताहेत? ॲरिझोनात, तुमच्या त्या चाकांवरच्या घरांच्या वसाहतीत, ऊन छान पडत असेल. इकडेही मजा आहे. परवा विहिरीचा पाइप गोठला, तो मी केस वाळवायच्या यंत्रानं वितळवला. पाइप वाचला, यंत्र गेलं. बाकी नेब्रास्कात सर्व कुशल.

तुमचं पत्र आणि हॉर्नच्या रिलेची आकृती मिळाली. आकृती तुम्ही कॅलेंडरच्या मार्च महिन्याच्या पाठीवर काढली आहे, त्यामुळे कागद उजेडात धरला की तारा तारखांमधून जातात आणि बॅटरी बरोबर सतरा तारखेवर येते. तुम्ही चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढलीत, तुम्हाला ते स्वच्छ दिसत असेल. शेवटी 'काय झाले ते सविस्तर कळवणे' असं लिहिलंत. माणसानं मला असं लिहू नये, पण आता लिहिलंतच, तर कॉफी घेऊन बसा.

आधी जोलीनचं. तुमच्या पुतणीचं म्हणणं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, पण तुम्ही 'हं, हं' करायला लागलात की ऐकत नसता हे मला पंचेचाळीस वर्षं ठाऊक आहे, म्हणून पुन्हा सांगते. एप्रिलमध्ये तिचा बाप, आपला हार्लन, गेला त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद: आई, गाई विकून टाक, घराला कुलूप लाव आणि ओमाहाला माझ्याकडे ये. माझ्यासाठी तिनं खोलीसुद्धा रंगवून घेतली आहे (जांभळी. माझा आणि जांभळ्याचा कधी काय संबंध आला होता?). पोरगी वाईट नाही, भाऊजी, घाबरलेली आहे. ती म्हणाली, "तू एकोणसत्तर वर्षांची, घोड्यावर बसता येत नाही, टेकडीवर चढता येत नाही. बर्फाचं वादळ आलं की गाई वाऱ्याच्या आडोशाला कोण आणणार? तू?" मी म्हटलं, "हो, मी. गाडीत बसल्या जागेवरून." ती म्हणाली, "दाखव." असा आमचा करार झाला. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या बुधवारी तिला शेजारी बसवून मी उत्तरेच्या कुरणात जायचं आणि सीटवरून न उठता गाई बोलावायच्या. आल्या तर कळप हिवाळाभर राहील. नाही आल्या तर सोमवारी गुरांच्या बाजारवाल्यांचे ट्रक.

मी तोऱ्यात हो म्हणून बसले, कारण हार्लन हेच करायचा. टेकडीखाली पिकअप उभी करायची, एक लांब, दोन आखूड हॉर्न द्यायचे, की पेंडेच्या वासानं नव्हे, त्या आवाजानं गाई कुठून कुठून निघून यायच्या. ते हॉर्न तुमचेच. एक्याऐंशी साली भंगारातल्या त्या लांबलचक मोटारीतून तुम्ही काढलेत, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. हार्लननं पुढं तीन पिकअप बदलल्या, पण हॉर्न बदलू दिले नाहीत, आणि दर वेळी ते तुम्हीच बसवलेत. मी नुसती कॉफी आणून द्यायची आणि तुम्ही दोघं मला बाजूला हो म्हणायचात. तर सप्टेंबरमध्ये त्या तिसऱ्या पिकअपचा गिअरबॉक्स गेला आणि मी दुसरी घेतली, वापरलेली पण तोंडावर तुकतुकीत. तिचा हॉर्न म्हणजे बाटलीचं बूच निघावं तेवढा आवाज. मी कुरणात जाऊन तो वाजवला. एका गाईनं मान वर केली, मी कोण ते बघितलं आणि पुन्हा चरायला लागली.

इथं माझी पहिली चूक. मला वाटलं, आवाज मोठा हवा. मी कॅटलॉगमधून हवेवर चालणारे दोन कर्णे मागवले, डब्यात रिले, तारा, हवेचा पंप सगळं तयार, नुसतं एकमेकांत बसवायचं. एका दुपारात बसवले आणि मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की आरशात बघून आले. दुसऱ्या दिवशी कुरणात वाजवले. भाऊजी, तो आवाज हुबेहूब ऑक्टोबरात वासरं न्यायला येणाऱ्या त्या मोठ्या ट्रकचा! माझ्या लक्षात आलं नाही, गाईंच्या आलं. त्यांनी शेपट्या उभ्या केल्या, यंदाच्या राहिलेल्या कालवडी मध्ये घेतल्या आणि अख्खा कळप काटेरी कुंपण मोडून पलीकडे शेजारच्या ऑर्विनच्या जमिनीत, पार टोकाला, तळ्यामागं जाऊन उभा राहिला. वासरं महिन्यापूर्वीच गेली होती हो, आणि यांना वाटलं मी उरलेलं न्यायला आले. मी तिथंच बॉनेट उघडून कर्ण्यांच्या तारा उपटल्या. मला त्यांची माफी मागायची होती, पण त्या जवळ येतील तर ना! गाई परत आणायला ऑर्विनला घोड्यावर दीड दिवस लागला आणि जाताना त्यानं माझी कॉफीसुद्धा घेतली नाही, म्हणजे किती वैतागला असेल बघा.

मग मी तुम्हाला पत्र लिहिलं आणि तुमची आकृती आली. हार्लनचे हॉर्न जुन्या पिकअपवरून काढायला मला एक सकाळ लागली (तुम्ही बोल्ट काय दातांनी आवळता?). ते कापडानं पुसून टेबलावर ठेवले आणि तुमचा मजकूर मोठ्यानं वाचला. नव्या गाडीत हॉर्नच्या बटणाची तार सुतासारखी बारीक असते, तिच्यावर या दोघांचा भार टाकला तर ती जळते. म्हणून तिनं रिलेला नुसती खूण करायची, आणि रिलेनं जाड तारेतून बॅटरीचा जोर हॉर्नांना द्यायचा. एवढं वाचलं आणि मला एकदम उलगडलं. मी ओट्यापाशी उभी राहून नुसती भुवई उडवायची आणि हार्लननं दारातलं पन्नास किलोचं पोतं उचलून आत आणायचं. पंचेचाळीस वर्षं माझ्या घरात रिले होता आणि मला नाव माहीत नव्हतं. मी तिथंच खुर्चीत बसून थोडी रडले, मग हात धुतले आणि कामाला लागले.

रिले त्या कर्ण्यांबरोबर आलेलाच घेतला, नवीन कशाला. तुमच्या आकृतीत पिना चार. माझ्या रिलेला पाच. तीस आहे, पंच्याऐंशी आहे, शहाऐंशी आहे, आणि सत्त्याऐंशी चक्क दोन ठिकाणी, एक कडेला आणि एक मधोमध. चष्मा दुसऱ्या कोटात होता. मला मधली बरी वाटली, चारी बाजूंनी सोबत असलेली, म्हणून हॉर्नांची तार मधलीला लावली. शिवाय तुम्ही बॅटरीवरून थेट तार घ्या असं बजावलं होतं, तरी मी किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी पंख्याची जाड तार शोधली आणि तिथून घेतली, उगाच बॅटरी उतरायला नको (रागावू नका, पुढं तेच उपयोगी पडलं). गेल्या शनिवारी साडेअकराला काम संपलं. बाराला चर्चमध्ये चिलीच्या रश्श्याचं जेवण, आणि माझ्याकडचे अठ्ठेचाळीस दालचिनीचे रोल गाडीत ठेवलेले. मी बॉनेट धाडकन बंद केलं, रोल सावरून बसले, किल्ली फिरवली.

आणि हॉर्न सुरू झाले. दोन्ही. मी बटणाला हात लावलेला नाही, आणि हे आपले ओरडताहेत! मी घाबरून बटण दाबलं, तर गप्प. सोडलं, की पुन्हा सुरू. सगळ्या जगाचा हॉर्न दाबल्यावर वाजतो, माझा दाबल्यावर गप्प बसतो. बॉनेट उघडायला गेले तर त्याचा खटका इतका घट्ट बसलेला की उघडेना. बाराला पंधरा मिनिटं कमी. मी विचार केला, अठ्ठेचाळीस रोल घेऊन चालत तर जाता येत नाही. दोन्ही अंगठे बटणावर रोवले, अंगाचा भार दिला आणि तशीच निघाले. अकरा मैल.

समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख दिल्याशिवाय आपल्या रस्त्यावर कोणी जात नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. पहिलाच समोरून ऑर्विन आला. मी सवयीनं बोट उचललं, अंगठा ढिला पडला, आणि बरोबर त्याच्या खिडकीशी हार्लनचे हॉर्न कडाडले. ऑर्विन गाडीसकट चरात. त्यानंतर मी बोट उचलायचं नाही असं ठरवलं. टपालवाली आली, मी पुढं बघितलं. पाद्रीबाबा आले, मी पुढं बघितलं. गुरांचा डॉक्टर आला, त्यानं बिचाऱ्यानं चारही बोटं उचलली, मी आपली दात आवळून सरळ पुढं.

अशी रांगत पोचायला मला तास लागला (मघाचे सगळे कामं आटोपून, मला मागं टाकून कधीच पोचले होते), आणि चर्चपाशी किल्ली काढली तेव्हा कुठं सुटका झाली. आत गेले तर सगळ्यांचे चेहरे पडलेले. टपालवालीनं मला मिठी मारली. डॉक्टरनं माझ्या वाडग्यात स्वतः चिली वाढली. मला वाटलं, हार्लनची आठवण निघाली असेल. पाद्रीबाबांच्या बायकोनं माझ्याच रोलमधला मोठा रोल मला दिला, मग आणखी एक, मग आणखी एक. तिसरा रोल संपता संपता डॉक्टर हळूच म्हणाला, "चांगल्या गाई होत्या गं, आयडेला. असा कळप या बाजूला नव्हता." तेव्हा ट्यूब पेटली. जोलीनचा हट्ट गावाला ठाऊकच होता; मी कोणाला ओळख दिली नाही, म्हणजे मी कळप विकला आणि मला तोंड दाखवायची लाज वाटतेय, असं त्यांनी तासाभरात ठरवून टाकलं होतं. मला हसू यायला हवं होतं. पण ते 'होत्या' ऐकलं आणि मी हातातला तुकडा ताटात ठेवला. गाई तिकडं धडधाकट चरताहेत आणि इथं मी त्यांच्या मयताला बसलेय असं वाटलं. त्या क्षणी मला कळलं, भाऊजी, की मी जोलीनशी जिंकायला म्हणून भांडत नव्हते. मला त्या खरोखर हव्या आहेत. (मग मी चौथा रोल खाल्ला आणि नंतर खरं सांगितलं. रोल आधी, कारण सांगितल्यावर मिळाला नसता.)

खरं ऐकल्यावर ऑर्विन, शेजारीच कोटावरचा चिखल खरवडत बसला होता तो, म्हणाला, "मग तो हॉर्न कसला होता?" मी सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. सोमवारी तो हत्यारं घेऊन आला, खटका उघडला, रिले उजेडात धरला आणि म्हणाला, "बाई, मधल्या सत्त्याऐंशीच्या पुढं बारीक अक्षर आहे. ती पिन रिले झोपलेला असताना जोडलेली असते. तू हॉर्न कायमचा चालू करून ठेवलास आणि बटणानं बंद करत होतीस." मी म्हटलं, "तार कडेच्या पिनेला लावते, तू हात लावू नकोस." सगळं मी माझ्या हातानं केलं. या वेळी चष्मा लावून आणि तुमच्या आज्ञेप्रमाणे थेट बॅटरीवरून. मग हात धुवायला आत गेले. बाहेर ऑर्विननं बटण दाबून बघितलं, आणि हार्लनची खूण त्यालाही पाठ, म्हणून त्यानं दिला एक लांब आणि दोन आखूड.

तुम्हाला माहीत आहे, हार्लन दुपारी जेवायला येताना वळणावरून हीच हाक द्यायचा. माझे हात ओले होते. मी ते पुसले, हॅम चुलीवर टाकला, बटाटे घेतले, दोन ताटं मांडली, त्याच्या जागेवर त्याचा तो कडा उडालेला मग ठेवला. सगळं झाल्यावर मला आठवलं. ताट उचलायला गेले तोवर दार उघडून ऑर्विन आत आला, मांडलेलं बघून म्हणाला, "अगं, कशाला त्रास घेतलास," आणि बसला. मी तो जुना मग तेवढा उचलून त्याच्यापुढं दुसरा ठेवला. त्यानं दोनदा बटाटे घेतले.

बुधवारी जोलीन आली, हातात घड्याळ, मांडीवर बाजारवाल्यांचे कागद. वारा असा की गाडी हलत होती. टेकडीखाली उभी केली. एक लांब, दोन आखूड. थांबले. कुरण रिकामं. जोलीननं घड्याळ बघितलं नाही, पण बघावंसं वाटतंय हे मला दिसलं. पुन्हा दिला. पाच मिनिटं झाली असतील, ती म्हणाली, "आई, पुरे. चल." मी म्हटलं, "थांब." खरं म्हणजे मीही गिअरला हात घातला होता. आणि टेकडीच्या माथ्यावर ती एकशिंगी म्हातारी दिसली, हार्लन जिला मास्तरीण म्हणायचा ती. तिच्यामागं दुसरी. मग रांग. सगळ्या टेकडीवरून एकामागं एक खाली, काही तर पळत, त्यांची ती पोटं हलताहेत, तोंडातून वाफा निघताहेत. मी पेंड सोडायला विसरले, मग भानावर येऊन सीटवरूनच खटका ओढला आणि गाडीमागची पेंड सोडली. मास्तरीण खायला गेलीच नाही. ती माझ्या खिडकीशी आली आणि आत बघत राहिली. मी काच खाली केली आणि म्हटलं, "मी आहे गं. आता मीच." ती थोडा वेळ उभी राहिली, मग गेली खायला. जोलीन हमसाहमशी रडत होती. लहानपणी पडली की रडायची तशी, आवाज न करता आधी आणि मग एकदम मोठ्यानं. म्हणाली, "मला वाटलं बाबाच आले." मी तिला जवळ घेतलं, आणि ते बाजारवाल्यांचे कागद मधल्यामध्ये पार चुरगळले.

तर अशा रीतीनं गाई राहिल्या (एक बारीकशी अट आहे, फारशी महत्त्वाची नाही, ती खाली लिहिते). गुरुवारी सणाची टर्की थोडी करपली. जोलीन काल ओमाहाला गेली आणि जाताना तिनंही कुंपणाजवळ एकदा हॉर्न मारला, तिच्याच गाडीचा. तुमची आकृती मी स्वयंपाकघरात टांगली आहे, मार्च महिना भिंतीकडे करून. प्रकृतीला जपा. गोळ्या घ्या.

तुमची,
आयडेला

ता. क. अटीचं राहिलं. जोलीन म्हणाली, कळप राहू दे, पण हिवाळ्यात तू एकटीनं कुरणात जायचं नाहीस. घरात दुसरं माणूस हवं आणि गाडीत दुसरं माणूस हवं. दहा डिसेंबरपर्यंत ते माणूस तिला फोनवर मिळालं नाही तर ट्रक येणार. तिनं विचारलं, "आहे का कोणी?" मी पापणीसुद्धा न लवता म्हटलं, "मर्ल काका येताहेत." तुम्हाला विचारायचं राहून गेलं.

आणखी ता. क. तिनं ते गावभर सांगितलं आहे. ऑर्विननं मागच्या खोलीत पलंग लावला, पाद्रीबाबांच्या बायकोनं गोधडी दिली. हार्लनला माती देऊन परतताना तुम्ही म्हणालात, आता माझं इथं काय उरलंय. त्याचं उत्तर आज देते. एकशे बारा गाई आणि एक भावजय एवढं उरलंय. बसमधून उतरलात की फोन करा, मी घ्यायला येते. ओळख देता येईल, दोन्ही हात मोकळे आहेत आता.

शेवटचं. तुमच्या आकृतीत बॅटरीच्या बाजूला सतरा तारखेवर जो छोटा चौकोन आहे, तो मला कॉफीचा डाग वाटला होता. काल ऑर्विन म्हणाला, तो फ्यूज आहे आणि तो नसला तर एखाद दिवशी तार घासून गाडी पेटेल. तो तिथल्या तिथंच घालून देत होता. मी घालू दिला नाही. सांधेही मी नुसते पीळ देऊन चिकटपट्टीनं गुंडाळले आहेत, जाड हॉर्न कुंपणाच्या तारेनं बांधला आहे. हे वाचून तुम्हाला आज झोप लागणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही येईपर्यंत मी गाडी तशीच चालवणार.